कोरड्या हातांच्या दोघी

हे मी आईलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही नीट कळत नाही — कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. सांगताना रडू येईल असं वाटलं होतं. तेही येत नाहीये.

तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. परातीत कालवणारे बायकांचे हात. डोळे मिटलेली एक बाई कापऱ्या आवाजात विचारते, "आई, पोट भरलं का?" आणि एक चिमुरडी ठसक्यात म्हणते, "नाही. अजून तूप." हसला असाल. सगळेच हसले. कुणी त्या चिमुरडीच्या जागी आपल्या साहेबांचं तोंड चिकटवलं, कुणी लग्नाच्या पंगतीतल्या काकांचं. ती डोळे मिटलेली बाई — माझी धारची मामी.

मी देवासची. बाबा कारखान्यातल्या नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. मी ऑनलाइन जाहिरातींचं काम करते. म्हणजे जाहिरात ही जाहिरात वाटू नये, याची काळजी घेते. तेव्हा माझ्याकडे इथल्याच एका नव्या तुपाचं काम होतं. नाव कुणाच्या कानावरूनही गेलेलं नव्हतं, आणि मालक उठता-बसता फोन करायचे — "मॅडम, कुछ वायरल करवाओ ना." वायरल काय दुकानात मिळतं?

त्याच सुमारास धारला मामेभावाचं, निखिलचं, लग्न झालं आणि मामीने बोडण भरलं. आमच्याकडे शुभकार्यानंतर भरतात. सवाष्णी आणि एक कुमारिका परातीभोवती बसतात, देवीसाठी पुरणपोळी, दूध, दही, तूप, मध एकत्र कालवतात, आणि देवीला आणखी काय हवं ते त्या मुलीला विचारतात. दार लावून. पुरुषांनी बघायचं नाही, बाहेर बोलायचं नाही. मामीचं घराणं जुनं, संस्थानच्या नोकरीतलं. तिच्या लेखी ती मुलगी तेवढा वेळ खरोखरच देवी असते. मला हे ठाऊक नव्हतं असं म्हणू? लहानपणी त्याच परातीशी कुमारिका म्हणून मी बसलेली आहे.

त्या दिवशी खोलीत कोरड्या हातांच्या दोघीच होतो. एक मी — लग्न न झालेली, आणि कुमारिका म्हणून बसायचं वय केव्हाच उलटलेली. दुसरी नवी सून सोनल. खातेगावची, हिंदी घरातली. मामीने तिला सांगितलं होतं, या खेपेला नुसतं बघ. मी फोन मांडीवर धरला होता, पदराआड. सवयीने धरला, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. पण "अजून तूप" ऐकून मामीच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मला — मला तुपाचे मालक आठवले.

पुढचं सगळं मी थंड डोक्याने केलं. खाली हिंदीत ओळी टाकल्या. तुपाचं नाव कुठेही न घालता व्हिडिओ एका निनावी पेजवरून सोडला, विनोदी पेजवाल्यांना सांगून फिरवला. लोक आपणहून नकला करायला लागले की आपण हात काढून घ्यायचा, हेच त्यातलं कसब. वाक्य सगळ्यांच्या तोंडी बसल्यावर मग ते डब्यावर आलं — "माँ, पेट भरा?" टोंकखुर्दसारख्या लहान गावातल्या किराणा दुकानातही ते डबे दिसू लागले. घरच्यांना वाटलं, कंपनीने गाजलेलं वाक्य उचललं. मालकांनी मिठाई पाठवली. मी ती खाल्ली.

धारच्या बाजारात लोक मामीला बघून "और घी" म्हणायचे. तिने देवळात जाणं सोडलं. मग घरात विषय निघाला — हे काढलं कुणी? सवाष्णींचे हात तर परातीत होते. उरल्या दोघी. माझ्याकडे मामीने संशयाने पाहिलंसुद्धा नाही. घरची मुलगी असं कसं करील? उलट धीर द्यायला म्हणून मलाच बोलावून घेतलं. सोनल रडत रडत सांगत होती, मैंने नहीं किया. आणि मी मामीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले,

"जाऊ दे गं मामी. नवीन आहे ती. तिला काय कळतं."

किती मायेचं वाक्य, नाही? मामीने तिला माफ केलं. म्हणजे गुन्हा तिचा ठरला. निखिल पुढे कित्येक दिवस तिच्याशी धड बोलला नाही, हे मला आईकडून कळलं. मी "अरेरे" म्हणाले.

यंदा सोनलला मुलगी झाली आणि पुन्हा बोडण ठरलं. खरं तर या वेळी परातीशी बसायचा पहिला मान तिचा. मामीने तिला दाराबाहेर बसवलं. तिचा फोन मागून घेतला आणि माझ्याकडे दिला, सांभाळ म्हणून. मी तो हातात धरून आत बसले. कुमारिका म्हणाली, पोट भरलं. बायकांनी हात जोडले. मला काहीच वाटलं नाही — वाटायला हवं होतं, एवढंच कळत होतं.

निघताना सोनलला तिचा फोन परत दिला. बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं. ती हळूच म्हणाली, "दीदी, उस दिन पूरे घर में एक आप ही मेरी तरफ से बोली थीं."

मी मान हलवली आणि देवासची बस धरली. माझा फोन दिवसभर पर्समध्येच होता. तो कुणी मागितला नव्हता.