शेवटचा बोल्ट आणि आत्यांची ट्रायल

उमरग्याच्या हायवेवर माझं गॅरेज आहे. ट्रक आणि जिपांच्या गिअरबॉक्सशी माझं रोजचंच भांडण. पण बिनक्लचची, ऑटोमॅटिक गाडी आमच्याकडं एकच येते, ती माझ्या आत्यांची. त्यांचा डावा पाय लहानपणापासून अधू. क्लच दाबणं जमत नाही, म्हणून त्यांनी हट्टानं ही गाडी घेतली. तिचा गिअरबॉक्स गेला आणि आत्या घरात अडकल्या. कुठं जायचं तर भावाला, भाच्याला, नाहीतर शेजाऱ्याला विचारायचं. तेव्हापासून त्यांचा पारा चढलेलाच होता.

दुरुस्त होऊन आलेला गिअरबॉक्स चढवायचा त्या दिवशी त्या सकाळीच रिक्षानं हजर झाल्या. नेमका माझा जोडीदार लग्नाला गेलेला.

"मी करते की मदत. काय करायचं तेवढं सांग."

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे टॉर्क कन्व्हर्टर नावाचा तेलाचा गोल डबा असतो. तो इंजिनच्या चकतीला बोल्टांनी आवळायचा. पण त्यासाठी खालून ठेवलेली खिडकी एवढीशी, एका वेळी एकच बोल्ट दिसणार. पुढचा दिसायला कुणीतरी चाकामागच्या, इंजिनच्या पुलीला पाना लावून इंजिन हातानं फिरवायला लागतं. आत्या चाक काढलेल्या जागेशी स्टूल टाकून बसल्या आणि मी गाडीखाली शिरलो. आत्यांना हुकूम सोडायची संधी मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली होती. मी ती मनसोक्त घेतली.

"फिरवा... फिरवा... थांबा! अहो, थांबा! गेला पुढं."

"मग मागं घेते."

"मागं न्हाय! इंजिन उलटं फिरवायचं नसतंय. आता आख्खी फेरी मारा."

"खाली पडल्या पडल्या लई माज आलाय तुला!"

खरी पद्धत अशी, की आधी सगळे बोल्ट हातानं नुसते धरवायचे आणि मग दुसऱ्या फेरीत आवळायचे. पण वरून आवाज आला, "दिसतोय तवर आवळून टाक की. परत परत कशाला फिरवायचं?" आत्यांचा शब्द मोडायची आमच्या घरात कुणाची छाती नाही. मी आवळत गेलो. आधीचे पक्के आवळल्यानं डबा जरा सरकून बसला होता; शेवटच्या बोल्टाला भोक अर्धंच दिसलं आणि तो काही केल्या धरेना. मी पान्याला शिव्या घातल्या, कारण आत्यांना घालता येत नव्हत्या. मग सगळे बोल्ट परत ढिले केले.

"व्हय रे," आत्या शांतपणे म्हणाल्या, "घाई करू नको म्हणून कधीची सांगायलेय मी."

फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. आत्या घामानं भिजल्या, पण पाना सोडला नाही. शेवटी सगळे बोल्ट धरले, टॉर्क रेंचनं नीट आवळून झाले, चाक चढवलं, तेल भरलं. गाडी चालू केली तर कुठं खरखर नाही. मला इतका आनंद झाला की गाडीतच बसून राहिलो. पहिली ट्रायल मेकॅनिकनंच घ्यायची असते.

"उतर," आत्या म्हणाल्या.

आणि गेल्या. अर्धा तास झाला, तास झाला, फोन उचलेनात. माझ्या डोक्यात एकेक बोल्ट सुटायला लागला. दुपार कलल्यावर गाडी धुळीनं माखून परत आली, तेव्हा माझा तोल गेला.

"आत्या, होता कुठं? एवढं काय काम निघालं?"

"कसलं आलंय काम!" त्या खिडकीतून म्हणाल्या. "कुणाच्या मागं बसायचं म्हटलं की आधी काम सांगाय लागतंय. आज बिनकामाचीच हिंडून आले."