घरमालकांचं घरगुती ग्रीक

सबंध जगात ग्रीक भाषा दोनच ठिकाणी बोलली जाते, एक ग्रीस देशात आणि दुसरं शुक्रवार पेठेत आमच्या घरमालकांच्या स्वयंपाकघरात, असं मी सोलापुरातल्या माझ्या चार वर्षांत प्रामाणिकपणे मानत होतो. त्यातलं शुद्ध कुठलं, याबद्दल मालकांच्या मनात शंका नव्हती. मालक रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. बेवारस सामानाच्या लिलावात त्यांनी कधीकाळी एक पत्र्याची ट्रंक घेतली होती. आत उबदार कपडे असतील या आशेनं काकूंनी ती उघडली, तर निघालं ग्रीक व्याकरणाचं एक इंग्रजी पुस्तक. दुसरा एखादा असता तर त्यानं ते रद्दीत घातलं असतं. मालकांनी मात्र ट्रंक काकूंना दिली आणि पुस्तक स्वतःकडे ठेवलं. त्या घरात मग बारा वर्षं कुणी साध्या मराठीत पाण्याचा तांब्या उचलला नाही.

पुस्तकातली वाक्यं सगळी घरगुती होती. मुलगी दार उघडते, आई भाकरी करते, म्हातारा बागेत बसतो, अशी. मालकांच्या मते भाषा शिकण्याचा हाच एक मार्ग होता. तेव्हा घरचा नियम असा झाला, की वस्तू देणाऱ्यानं आधी ग्रीकमध्ये वाक्य म्हणायचं आणि मगच घेणाऱ्यानं हात पुढे करायचा. काकूंनी पहिल्याच आठवड्यात "मला भाकऱ्या थापायच्यात, मी नाही" म्हणून हात झटकले. राहिली एकुलती एक मुलगी सुमन, आणि ती इतकी तयार झाली की वडिलांच्या चुका काढायला लागली. उच्चार कुठला बरोबर, असं मी एकदा विचारलं, तर मालक शांतपणे म्हणाले, "सोलापुरात जो कुणाला खोडता येत नाही, तो." दार म्हणजे थुरा आणि पाणी म्हणजे हुदोर, हे मी अजून विसरलेलो नाही, कारण ते बरोबर म्हणेपर्यंत पहिल्या तारखेला माझी भाड्याची पावती तासभर अडून राहायची. भीक नको पण कुत्रं आवर, असं व्हायचं. चहाची तर कथाच निराळी. त्या जुन्या ग्रीक लोकांना बिचाऱ्यांना चहा ठाऊकच नव्हता, म्हणून मालकांनी त्याला 'गरम पाणी' हा शब्द योजला. आपल्या आलं घातलेल्या चहाला कुणी रोज दोनदा गरम पाणी म्हणावं, हे काकूंच्या मनाला फार लागे. भांडी घासणारी यल्लव्वा तर संपावरच गेली होती. पुस्तकात 'दासी पाणी आणते' असं वाक्य होतं आणि त्याचा अर्थ कुणीतरी तिला सांगितला. "मी काय दासी हाय व्हय? पगार घेते की!" असं तिनं अंगणातून सुनावलं. शेवटी ते वाक्य 'यल्लव्वा आपल्या मर्जीनं पाणी आणते' असं दुरुस्त झालं, तेव्हा कुठे घासलेली भांडी दिसली. पेठेला या सगळ्याचं काहीच वाटत नसे. समोरचे तेलुगू विणकर ती भाषा कानडी समजत, मागच्या गल्लीतले कानडी वाणी ती तेलुगू समजत, आणि कोपऱ्यावरचे सायकलवाले चाचा "पंडितां की बोली हय जी" म्हणून मान डोलवत.

पण ग्रीकपायी सुमनचं लग्न अडलं होतं, आणि ते काही हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. मुलगी तेविशीची, गुणी, देखणी. पहिल्या पाहुण्यांनी "मुलीला काय काय येतं?" असं विचारल्यावर मालकांनी हौसेनं तिच्याकडून एका नामाची सगळी रूपं म्हणवून घेतली. पाहुण्यांनी पोहेसुद्धा अर्धे टाकले. दुसरे पुण्याकडचे होते, ते "कळवतो" म्हणून गेले ते गेलेच. या घरात काहीतरी बाहेरचं आहे, अशी कुजबुज नात्यात सुरू झाली. म्हणून अक्कलकोटच्या एका भुसार व्यापाऱ्याकडचे लोक येणार म्हटल्यावर काकूंनी मालकांना स्वामींची शपथ घातली, की ग्रीकचा एक शब्द काढायचा नाही. मला म्हणाल्या, "तुम्ही ह्यांच्या शेजारी बसा. तोंड उघडायला लागले की पाय दाबा. हेही स्थळ गेलं तर पोर उभ्या जन्मात मान वर करायची नाही." बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते.

मालकांनी शपथ जरा जास्तच पाळली. एक शब्द सुटला की त्यामागून ग्रीक येणार, अशी भीती वाटून ते मूग गिळून बसले. मुलाच्या वडिलांनी पाऊसपाणी विचारलं, यांनी मान हलवली. पेन्शन विचारली, तरी मानच. मग सुमन ट्रे घेऊन आली. तिनं पाहुण्यांना चहा दिला आणि शेवटचा कप वडिलांपुढे धरला. मालकांचा हात काही पुढे येईना. बारा वर्षांची सवय. वाक्य ऐकल्याशिवाय तो हात हलणार कसा? ती कप धरून उभी, हे गुडघ्यांवर हात ठेवून बसलेले. मी पाय दाबला, पण त्या खुणेचा ठरलेला अर्थ 'गप्प बसा' असा होता, 'कप घ्या' असा नव्हे. मुलाच्या वडिलांनी टोपी सारखी केली आणि हलकेच म्हणाले, "पोरीच्या हातचा चा बी घेईनात. मालकांच्या मनात न्हाय वाटतं. चला, उठू या."

दाराआड काकूंच्या बांगड्या वाजल्या. आणि सुमननं, सरळ मान वर करून, स्वच्छ आवाजात म्हटलं, "हे थुगातेर तो पात्री थेर्मोन हुदोर फेरेइ." मालकांनी कप घेतला.

मुलाची आजी पुढे सरकली. "तेलगू व्हय गं?" मुलाचे वडील म्हणाले, "न्हाय अव्वा, तेलगू मला येतंय की." आजी म्हणाली, "मग आसंल त्येंची घरातली भाषा. आमी न्हाय का, पावण्यांसमोर कायतरी बोलायचं आसलं की कानडीत बोलतो? पर मालक, आता सोयरे व्हायचं तर लपवू नगा. काय म्हनली पोर?"

शपथ भाषांतराला लागू नसावी. मालकांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "मुलगी वडिलांना गरम पाणी आणून देते."

आजींनी आपल्या कपात पाहिलं, एक घोट घेतला. "गरम पानी? लई चांगला चा हाय की! मालक, पोरीच्या चाला आसं म्हनू नये." दाराआडून काकूंचं हसू फुटलं, मग मुलगाही हसला. इतका वेळ तो बिचारा पायांकडे बघत बसला होता. आपल्या घरातून उठून जाण्यासारखं या लोकांना काहीच दिसलं नाही, हे कळल्यावर मालकांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून धोतराला पुसला. बैठकीतच सुपारी फुटली. माझा तर जीव असा भांड्यात पडला, की मी समोरचे पोहे दोनदा मागून खाल्ले.

सुमन सासरी गेली आणि घर एकदम मराठी झालं. मालक मुकाट्यानं हातानं पाणी घेत. तासाभराच्या वाटेवर अक्कलकोट, पण लेकीकडे जायला ते टाळाटाळ करत. सहा महिन्यांनी एके सकाळी मला म्हणाले, "एसटी स्टँडवर सोडायला येता?" वाटेत ते चिठ्ठीवर बघून पुटपुटत होते. मागच्या गल्लीतल्या वाण्याकडून त्यांनी एक कानडी वाक्य लिहून आणलं होतं. "नन्न मगळु आराम इद्दाळेनु?" माझी मुलगी बरी आहे ना?

मी म्हटलं, "मालक, तिथे सगळ्यांना मराठी येतं हो."

"येतं. पण मला मराठीत विचारता येत नाही ना," ते म्हणाले. "गळाच दाटून येतो. पाठ केलेलं वाक्य निदान शेवटपर्यंत म्हणता तरी येतं."

मी त्यांची पिशवी गाडीत चढवली, आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभा राहून ते वाक्य त्यांच्याकडून घोटून घेतलं.