सुनीतीताई, बेगम आणि एकोणतीसचा पाढा

सुनीती घाटपांडे रेल्वेत पुलांच्या इंजिनिअर. वय त्रेपन्न. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, पण निशातगंजच्या पार्कात चालणारी माणसं गुडघ्यांशिवाय दुसऱ्या विषयावर बोलत नाहीत, म्हणून ताईंनी सरोजिनी नगरच्या पुढचा एक रायडिंग क्लब गाठला. चालायचं ते घोड्याने चालावं.

शिकवायला हणमंत जगदाळे होते. मूळचे साताऱ्याकडचे, लष्कराच्या घोडदळातून दफेदार म्हणून निवृत्त होऊन इथेच उत्तरेत राहिलेले. घोडी होती बेगम, पोटाने ऐसपैस आणि स्वभावाने निवृत्त.

चार महिन्यांत ताई दुडकीपर्यंत आल्या. पुढे गाडी अडली. टाच मारली की बेगम दोन पावलं पळायची, थांबायची आणि शेपूट उचलून आपलं मत मैदानावर सोडायची.

"घोडी आळशी आहे," ताई म्हणाल्या. "बदला."

हणमंतरावांनी त्यांना उतरवलं आणि स्वतः बसले. बेगम लोण्यातून सुरी जावी तशी अख्ख्या मैदानाला फेरी मारून आली. ताईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

"बाई, तुम्ही टाच मारता आणि त्याच वेळी लगाम ओढता. जा म्हणता आणि थांब पण म्हणता. तिनं करायचं काय?"

"मी घाबरत नाही."

"तुम्ही नाही हो. तुमचे खांदे घाबरतात. श्वास तर असा धरता, जणू कुणी मागून काढून घेणार आहे."

ताई पुन्हा चढल्या, रागाने टाच मारली, बेगम दचकून बाजूला सरकली आणि ताई तिच्या मघाच्या मतावरच बसल्या. गोमती नगरला घरी पोचल्यावर मुलगी अनन्या दारातच नाक दाबून म्हणाली, "मम्मी, पहले नहा लो, यार!"

पुढचे दोन आठवडे ताई तिकडे फिरकल्या नाहीत.

मग ऑफिसात अद्वैत नावाचा नवा इंजिनिअर ड्रॉइंग घेऊन आला. ताई म्हणाल्या, "तू समजाव, मी ऐकते," आणि तिसऱ्या वाक्याला त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं. पोरगा जागच्या जागी थांबला. अगदी बेगमसारखा. फक्त शेपूट नव्हतं. ताईंनी पेन परत दिलं, आणि त्याचं सगळं ऐकून घेताना त्यांना घाम फुटला.

शनिवारी त्या क्लबवर हजर झाल्या. हणमंतरावांनी लगामाला गाठ मारून तो बेगमच्या मानेवर टाकला, तिला लांब दोराला बांधलं आणि दोराचं टोक आपल्या हातात घेतलं.

"हात बाजूला पसरा. नजर समोरच्या आंब्यावर, घोडीच्या कानांवर नाही. आणि गाणं म्हणा. गाताना श्वास धरता येत नाही."

"मला गाणं येत नाही."

"मग काय येतं?"

"एकोणतीसचा पाढा."

"म्हणा!"

एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. दोन्ही हात पसरलेल्या त्रेपन्न वर्षांच्या बाई खणखणीत आवाजात पाढा म्हणत गोल फिरत होत्या आणि कुंपणावरची माकडंसुद्धा खाणं थांबवून बघत होती. एकोणतीस चोक एकशे सोळाला ताईंचे खांदे खाली आले. सातीला हणमंतराव हळूच म्हणाले, "आता टाच. नुसती टेकवा."

बेगम उधळली नाही. उचलल्यासारखी पळू लागली, आणि खोगिरावर आपटणारं ताईंचं बूड पहिल्यांदाच तिच्या लयीत हलू लागलं. आठीचं उत्तर ताई विसरल्या. त्या हसत होत्या, मोठ्याने, तोंड उघडं टाकून, आणि त्यात दोन माश्याही गेल्या.

हिवाळ्यात क्लबची स्पर्धा झाली. नऊ जणांत ताई आठव्या आल्या. नवव्याचा घोडा तबेल्यातून बाहेरच आला नव्हता. त्यांनी अनन्याला फोन करून "आठवी!" असं सांगितलं, एकूण किती होते ते सांगितलं नाही.

हल्ली त्यांना सुलतान हवाय, क्लबमधला सगळ्यात उंच घोडा. हणमंतराव नाही म्हणतात. दर शनिवारी तबेल्यासमोर दोघांचं मराठीत भांडण होतं, आणि सुलतान मध्ये उभा राहून ताईंच्या खिशातली गाजरं खातो.