फोन ठेवला म्हणून पाचशे रुपये

सन २०००. मला एकसष्टावं लागलं होतं, आणि त्या वयात इन्कम टॅक्सची पहिली नोटीस आली. नोटीस इंग्रजीत. मी चौथी पास, तीही मराठीत. म्हणून शेजारच्या किराणावाल्या हिरालालशेठकडून वाचून घेतली. तिथंच चुकलो.

"मिस्त्री, तुम्हाला दंड!" शेठ एवढ्या मोठ्यानं बोलला की समोरचा चहावाला गाळणी घेऊन बाहेर आला.

शेठला एवढा आनंद का झाला, ते कळायला माझा धंदा सांगावा लागेल. मी वजनकाटे दुरुस्त करतो. दुकानदारानं आपला काटा दरवर्षी वजनमापे खात्याच्या इन्स्पेक्टरकडून तपासून घ्यायचा असतो. बरोबर निघाला की त्यावर शिक्का बसतो. याला आम्ही पासिंग म्हणतो. त्याआधी काटा सरळ करून देणारा लायसनवाला कारागीर, तो मी. रविवार कारंजापासून सिन्नरपर्यंतचे किराणावाले माझ्याकडे येतात. तारीख चुकली की लेट फी, हे चाळीस वर्षं मी त्यांना ओरडून सांगत आलो. दुकानात पाटीच लावलेली: 'पासिंग वेळेवर करा.' त्याच्या आदल्या वर्षी शेठचा माळ्यावर टाकलेला काटा इन्स्पेक्टरला बिनशिक्क्याचा सापडला. शेठ म्हणाला, वापरत नाय. मी इन्स्पेक्टरच्या बाजूनं बोललो. शेठ ते विसरला नव्हता.

आता दंड कशाचा? तेव्हा नियम होता, घरात फोन, गाडी अशा ठरलेल्या वस्तूंपैकी एक जरी असली, तरी रिटर्न भरायचं. रिटर्न म्हणजे वर्षाची कमाई सरकारला लिहून देणं. कमाई थोडी असली तरी सुटका नाही. आमच्याकडे फोन होता. जावई फौजेत, मुलगी देवळाली कॅम्पला, म्हणून आमच्या हिनं किती वर्षं नंबर लावून तो मिळवलेला.

कारंज्यावरच्या दुकानदारांची रिटर्नं भरून देणारे शिरीषभाऊ. त्यांनी जुलैतच मला बजावलं होतं. मी विचारलं, "टॅक्स किती बसतो?"

"शून्य."

"मग पारड्यात काही नाय तर तोलायचं काय?"

ऑगस्टअखेरची तारीख गेली. नोटीस आली. पाचशे रुपये दंड का लावू नये, ते समक्ष येऊन सांगा, असं तिच्यात होतं. शिरीषभाऊंनी आधी रिटर्न भरून टाकलं. मग म्हणाले, "दंडाचं टेन्शन नको. तुम्हाला कावीळ झाली होती असं लिहू. सर्टिफिकेट मी आणतो."

"मला? कावीळ?"

"टायफॉईड चालेल?"

"चाळीस वर्षांत आजारी म्हणून दुकान बंद नाय ठेवलं मी. सगळं कारंजं साक्षीला आहे."

"मिस्त्री, टॅक्स ऑफिसातल्या मॅडम काय कारंज्यावर चौकशीला येणार आहेत?"

"येऊ द्या नायतर नको. मी एकटा जातो."

निघताना ही म्हणाली, "भांडायचं तेवढं भांडा, पण फोन परत करतो म्हणून येऊ नका."

ऑफिसात बाकावर माझ्या आधी पाच जण. पाचांच्याही हातात डॉक्टरचा कागद. सगळे ठणठणीत. एक कावीळवाला तर भजी खात होता.

मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. कागद मागायला त्यांनी हात पुढे केला. "काका, तुम्हाला काय झालं होतं?"

"काही नाय."

त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. "मग उशीर का?"

मी रिकाम्या पारड्याचं सांगितलं. त्यांनी धंदा विचारला. धंद्याचं कुणी विचारलं की मी थांबत नाही. दांडी, पारडी, शिक्का, सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवून ऐकलं आणि सहज विचारलं, "आणि एखाद्याकडे काटा आहे, पण तो वापरतच नसेल तर?"

मी टेबलावर हात आपटला. "दुकानात आहे ना? मग पासिंग लागतं! वापरतो का नाय ते कोण बघत बसणार?"

पाणी ठेवायला आलेला शिपाई फिसकन हसला. मी काय बोललो ते मग माझ्या ध्यानात आलं.

मॅडम हसल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. म्हणाल्या, "काका, योग्य कारण असलं तर दंड सोडता येतो. शिक्षण कमी आहे, नियम माहीत नव्हता, एवढं लिहून द्या."

पाचशे रुपये वाचत होते. शेठचं तोंड बंद होत होतं. पेन हातात घेतलं आणि परत ठेवलं.

"मॅडम, शिक्षण कमी, ते खरं. पण माहीत नव्हतं कसं लिहू? माहीत होतं. पटलं नव्हतं."

"आणि आता?"

"आत्ता पटलं. तुमच्यासमोरच."

"मग दंड लागेल."

"लावा."

बँकेत चलन भरलं, म्हणजे दंड भरून पावती घेतली, आणि दुकानात येऊन ती पाटीखाली खिळ्यानं ठोकली. गिऱ्हाइकांना दाखवायला बरी. धडा म्हणाल तर एवढाच, आणि तो मला आधीच यायला हवा होता. पासिंगला इन्स्पेक्टर सगळ्यात आधी रिकामा काटाच बघतो. वजनं नंतर.

शेठ आलाच. चलन दोनदा वाचलं. मग त्याची नजर वर भिंतीवर गेली. तिथं माझ्या वडिलांचा पितळी काटा टांगलेला असतो. दसऱ्याला आम्ही त्याला झेंडूचा हार घालतो.

"मिस्त्री, त्याच्यावर शिक्का दिसत नाय."

"तो पूजेचा आहे."

"वापरत नाय म्हणा की," शेठ म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो काटा उतरवला. पारडी चिंचेनं घासली, दांडी सरळ केली, आणि वजनमापेच्या ऑफिसात पहिला नंबर लावला. इन्स्पेक्टर काटा ओळखून हसायला लागला. "अहो मिस्त्री, हा तर पूजेचा!"

म्हटलं, "दुकानात आहे ना, साहेब? मारा शिक्का. आणि लेट फी धरून सांगा."