घरातून साडीवर निघायचं

आमच्या क्यूसी लॅबमध्ये चहाच्या सुट्टीत दोन विषय कधीच संपत नाहीत. एक कॅन्टीनची उसळ आणि दुसरा, कपड्यांवरून कुणाला घरी काय ऐकावं लागलं. लॅब म्हणजे कुरकुंभच्या आमच्या कंपनीत तयार झालेलं औषध पास की नापास हे तपासायची जागा. तिथं आम्ही चौघी. एकीनं एक किस्सा सांगितला की दुसरीला दोन आठवतात, आणि चहा गार होतो. बाकीच्या हसत हसत सांगतात. मला ते जमत नाही, सांगता सांगता माझं डोकंच फिरतं. शेजारच्या टेबलावरची रेश्मा म्हणते, "मॅडमचा किस्सा ऐकायचा तर आधी बर्नर बंद करा गं, भडका उडायचा!"

उडू दे! सध्या तर कारणही तसंच आहे. कंपनीनं मला शिफ्ट इनचार्ज करायचं ठरवलंय. माझ्या आधी या लॅबमध्ये एकही बाई इनचार्ज झालेली नाही. आणि घोडं अडलंय कुठं, तर पँटवर! बॅच बिघडली की इनचार्जला अचानक बोलावणं येतं. जीप दारात येते आणि युनिफॉर्मवरच थेट प्लांटवर जावं लागतं. युनिफॉर्म म्हणजे राखाडी पँट, निळा शर्ट, सेफ्टी शूज, टोपी. आणि पाटसजवळच्या आमच्या घरात सून पँट घालून उंबरा ओलांडत नाही.

तर आता पहिल्यापासूनच सांगते.

* * *

माझं माहेर न्हावऱ्याचं. दिवाळीचे कपडे शिवायला आई आम्हाला टेलरमामांकडे घेऊन जायची. मामांनी टेप काढायच्या आतच तिचं वाक्य ठरलेलं, "वाढत्या अंगाचं शिवा बरं का मामा!"

वाढत्या अंगाचं म्हणजे काय, हे ज्यानं घातलंय त्यालाच कळेल. बाही कोपराच्या खाली, घेर पोटरीपर्यंत आणि खांदा दंडावर. तो फ्रॉक माझ्या मापाचा होईपर्यंत विटलेला असायचा. नवा होता तेव्हा मापाचा नव्हता आणि मापाचा झाला तेव्हा नवा राहिला नव्हता. माझ्या अंगावर बेतलेला नवा कपडा कसा लागतो, हे मला बारावीपर्यंत ठाऊक नव्हतं.

सातवीत मी हिंमत करून मामांना म्हटलं, "मामा, यंदा माझ्या मापाचं शिवा."

मामांनी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे बघितलं आणि टेप गळ्यात टाकून म्हणाले, "माप तुझंच घेतो की पोरी. पन किती ठेवायचं ते आईला इचारून!"

त्याच दिवशी माझ्या भावानं स्वतः सांगून, मांडीला घट्ट बसेल अशी पँट शिवून घेतली. आई एका शब्दानं बोलली नाही. त्याचं अंग काय वाढतच नव्हतं की काय!

* * *

कॉलेजला मी शिरूरला एसटीनं जायची. पंजाबी ड्रेस, ओढणी दोन्ही खांद्यांवर, दोन पिना. शेवटच्या वर्षी मैत्रिणींबरोबर जाऊन एक जीन घेतली. मागच्या खिशावर गुलाबी दोऱ्याचं फुलपाखरू काढलेलं होतं. आईनं एकाच अटीवर ठेवू दिली, की गावात घालायची नाही. म्हणजे मी ती जीन ओढणीत गुंडाळून शिरूरला न्यायची, मैत्रिणीच्या खोलीवर घालायची आणि परत येताना बदलायची. चोरीचा माल असल्यासारखी!

मग मला बघायला पाटसची मंडळी आली. मी साडीत, इतक्या पिना लावलेल्या की श्वास घेतला तरी टोचायचं. चहापोहे झाले. मुलाच्या मामांनी इकडंतिकडं बघून प्रश्न टाकला, "पोरगी जीनबिन घालती का?"

"न्हाई न्हाई!" आई आतून ओरडलीच.

आणि मामांच्या बरोबर पाठीमागं, दोरीवर, माझी जीन वाळत होती.

मामांनी मान वळवली आणि विचारलं, "मग ही कुनाची?"

वडील म्हणाले, "पोराची."

मामा उठले, दोरीजवळ गेले, खिसा नीट निरखला आणि म्हणाले, "पोराच्या ढुंगनावर फुलपाखरू?"

माझा भाऊ शेजारीच बसला होता. तो लाल होऊन म्हणाला, "फॅशन हाय मामा."

"असंल, असंल," म्हणत मामा परत येऊन बसले. पोराची आहे म्हटल्यावर फुलपाखरूसुद्धा चाललं! लग्न ठरलं. आणि पुढं वर्षभर गावातली पोरं माझ्या भावाला 'फुलपाखरू' म्हणत होती. मला त्याची अजिबात दया आली नाही.

* * *

लग्नाचा बस्ता दौंडला बांधला. बस्ता म्हणजे दोन्हीकडच्या बायका दुकानाच्या गादीवर गोल करून बसणार, आणि लग्नात ज्याला ज्याला म्हणून कापड द्यायचं त्या सगळ्यांची खरेदी एकदमच उरकणार. दुकानदाराचा पहिला प्रश्न, "नेसायची दाखवू का देण्याघेण्याची?"

देण्याघेण्याची म्हणजे जी कुणीच नेसत नाही ती. आज मी तुला दिली, उद्या तू तिला दे, परवा ती आणखी कुणाला देणार. अशा साड्यांनी आपल्याकडची कपाटं भरलीत आणि बायका मात्र "घालायला काही नाही" म्हणून बसल्यात.

माझ्या शालूची वेळ आली. माझी आत्या म्हणाली, "बोल गं, तुला कंचा रंग?" कुणीतरी विचारलं याचाच मला इतका आनंद झाला, की मी खरं सांगून टाकलं.

"राखाडी."

आत्यानं कपाळावर हात मारला.

आत्या म्हणाली, "अगं लगीन हाय! सावडाया चाललीस का?"

मग दोन्हीकडच्या बायकांनी मिळून पोपटी ठरवली. अंगावर लावून बघितली, ती पण माझ्या नाही, चुलतबहिणीच्या खांद्यावर टाकून, कारण ती गोरी. दुकानदार बिचारा चांगला माणूस होता. बिल करता करता त्यानं विचारलं, "नवरीला आवडली न्हवं?"

पाच बायका एकदम म्हणाल्या, "आवडली!"

* * *

लग्नानंतर कंपनीत पहिल्यांदा रुजू व्हायच्या दिवशी सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, मला ओट्यावर बोलावलं. आप्पा म्हणजे ऊसवाले, गावात शब्दाला वजन असलेले. कारखान्याच्या निवडणुकीत त्यांच्या ओट्यावर गर्दी असते. ते शांतपणे म्हणाले, "तिकडं काय घालायचं ते घाला, कंपनीचा कायदा असंल. पन घरातून साडीवर निघायचं आन् साडीवरच यायचं."

तेव्हापासून माझा दिवस असा. सकाळी अंधारात साडी नेसायची, कंपनीच्या बसमध्ये निऱ्या सांभाळत बसायचं, लॉकररूममध्ये ती सोडायची, युनिफॉर्म घालायचा. सुटल्यावर पुन्हा तीच साडी नेसायची, आणि तोवर बस हॉर्न मारमारून कुरकुंभ डोक्यावर घेते. घरी पोचल्यावर ती साडी सोडून पुन्हा गाऊन. सगळं जग एकदा कपडे बदलून कामाला जातं, मी नाटकात काम केल्यासारखी दिवसभर कपडेच बदलते!

नवऱ्याला म्हटलं, तुम्ही बोला ना आप्पांशी. नवरा त्या वेळी गुडघ्यावर फाटलेली जीन घालून आरशासमोर उभा होता. म्हणाला, "अगं, घराची एक रीत असती."

मी त्याच्या गुडघ्याकडं बघितलं आणि गप्प बसले. तेव्हा गप्प बसले याचा मला अजूनही राग येतो.

* * *

गेल्या महिला दिनाला कंपनीनं आम्हा सगळ्याजणींना एकसारख्या जांभळ्या साड्या वाटल्या. हातात घेतल्याबरोबर रेश्मानं कापड चोळून बघितलं आणि निकाल दिला, "देण्याघेण्याची."

हुकूम असा, की त्या दिवशी सगळ्यांनी हीच साडी नेसून यायचं. आम्ही आलो. गेटवर फुलं दिली, फोटो काढले. मग लॅबकडं निघालो तर दारात सेफ्टी ऑफिसर हात आडवा करून उभा. "मॅडम, सैल कपड्यात आत जाता येणार नाही."

"अहो, साडी कंपनीनंच दिलीय!"

"नियमही कंपनीचाच आहे."

मी म्हटलं, मग आम्ही युनिफॉर्म घालून येतो. तर एचआरवाला धावत आला, "नको नको, मोठे साहेब दुपारी शुभेच्छा द्यायला येणारेत, साडीतच दिसायला पाहिजे!"

आम्ही चौघी दिवसभर कॅन्टीनमध्ये बसून. दुपारी मोठे साहेब आले आणि माइक घेऊन म्हणाले, "आमच्या महिला कुठल्याही कामात मागं नाहीत."

रेश्मा हळूच म्हणाली, "पुढंही नाहीत. दारातच हायत."

मला हसू आलं नाही. लॅबमध्ये माझी टेस्ट अर्धवट पडली होती, आणि दुसऱ्या दिवशी ती पहिल्यापासून करावी लागली.

* * *

आता आप्पांचे कपडे बघा. लग्नातल्या जुन्या फोटोत ते पायजमा आणि पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टात आहेत. सोसायटीत निवडून आल्यावर सफारी आली. मग पांढरी पँट, पांढरा शर्ट. मग लिनन, आणि हल्ली त्यावर बिनबाह्यांचं जाकीट. दरवेळी गाव म्हणालं, आप्पांचं वजन वाढलं. माणसाची आवड बदलली तर वजन वाढतं आणि बाईची बदलली तर वळण बिघडतं! हा कुठला न्याय?

आणि ते पांढरं पांढरं ठेवतं कोण? सासूबाई. मशीनमध्ये टाकलेलं आप्पांना चालत नाही. हातानं धुवायचं, नीळ द्यायची, खळ घालायची. सासूबाई फारशा बोलत नाहीत. एकदा अशाच मोरीत शर्टाची कॉलर घासत बसल्या होत्या. अचानक मला विचारलं, "तुज्या त्या कंपनीच्या कापडास्नी कोन धुतं गं?"

"लाँड्री आहे की, कंपनीचीच."

"तितं बाया असतील?"

"नाही. दोघं बिहारचे आहेत. पुरुष."

सासूबाईंचा हात थांबला. "म्हंजी गडीमानसं बाईची पँट धुत्यात?"

"इस्त्री पण करतात."

त्यांनी हातातला शर्ट खाली ठेवला. मग हसायला लागल्या, ते खोकला येईपर्यंत. निळीचं पाणी सांडलं. बाहेरून आप्पांनी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाल्या, "काय न्हाई, तुमची कॉलर निघंना."

* * *

आता परवाचा किस्सा.

इनचार्जच्या ऑर्डरला उत्तर द्यायची मुदत संपत आली होती. सकाळी मी आप्पांना शेवटचं विचारलं. ते म्हणाले, "पँटीत दारातून जीपमधी चढनार? लोक काय म्हनतील? न्हाई म्हंजी न्हाई." वर नवऱ्याला फर्मावलं, "त्यांच्या साहेबाला येकदा चहाला आन. मी बोलतो त्याच्याशी." नवरा हो म्हणाला आणि नेहमीसारखा विसरून गेला.

त्या दिवशी सुट्टी झाल्यावर मी लॉकर उघडलं. आत घडी घातलेली साडी होती. तिच्याकडं बघितलं आणि लॉकर लावून टाकलं. युनिफॉर्मवरच बसमध्ये बसले. रेश्मा म्हणाली, "मॅडम, साडी?" सगळ्या वाटेत आप्पांना काय काय सुनवायचं ते मनात घोळवत होते. इतकी वर्षं गिळलेलं सगळं आज बाहेर काढायचं ठरवलं होतं. काय व्हायचं ते होऊ दे.

ओट्यावर आप्पा एकटेच बसले होते. आदल्या आठवड्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यांवर काळा चष्मा, सगळं धूसर दिसायचं. माझ्या सेफ्टी शूजचा फरशीवर आवाज झाला. मी तोंड उघडणार, एवढ्यात आप्पा खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

"या या साहेब! पोरानं सांगितलं वाटतं. बसा, हितं खुर्चीवर बसा."

त्यांच्या खुर्चीवर! त्या खुर्चीवर त्यांचा पोरगासुद्धा बसत नाही. मी बसले.

आप्पा समोरच्या बाकावर, कडेला टेकले. "साहेब, आमची सून हुशार हाय, त्याबद्दल वाद न्हाई. पन तेवढं इनचार्जचं रद्द करा. घरातून पँटीत निघाया लागतं म्हनं. आमच्यात बरं दिसत न्हाई. बाकी मग तुमी मोठी मानसं. तुमी म्हनाल ते आमाला मान्य." आणि आत बघून त्यांनी हाक दिली, "अगं ए, साहेब आल्यात! चहा आन!"

सासूबाई कपबशी घेऊन दारात आल्या आणि तिथंच थांबल्या. बूट, पँट, शर्ट, टोपी, सगळं खालून वर नीट बघितलं. मग आप्पांकडं बघितलं. मग पदर डोक्यावर ओढला, पुढं आल्या आणि दोन्ही हातांनी कपबशी माझ्यासमोर धरली.

"घ्या साहेब. आन् ते इनचार्जचं काय असंल ते आत्ताच सांगून टाका ह्यास्नी. सायबाचं ऐकत्यात हे."