गोदाबाईचं उत्तर

पहाटेच्या एस.टी.ने नगर सोडलं तेव्हा बाहेर दाट धुकं होतं. खिडकीची काच कितीही पुसली तरी झाडांच्या जागी नुसते करडे डाग दिसत. शेजारी आमच्या मंडळीचे पाळक (ख्रिस्ती धर्मगुरू) आढावसाहेब बसले होते. भूमजवळच्या एका वस्तीवर गोदाबाई नावाच्या बाईला बाप्तिस्मा (पाण्यात बुडवून ख्रिस्ती करून घेण्याचा विधी) द्यायचा होता. सत्तरीतल्या माणसाला सोबत हवी, म्हणून मी शाळेत रजा टाकून निघालो होतो.

वाटेत त्यांनी तिची हकिकत सांगितली. मुलगी तापाने फणफणली तेव्हा गोदाबाई मिशनच्या एका दवाखान्यात महिनाभर राहिली. तिथल्या सिस्टरबाई रोज सकाळी प्रार्थना करत आणि ती दाराशी बसून ऐके. मुलगी बरी होऊन दोघी घरी गेल्या, तरी ऐकलेलं तिच्या मनातून जाईना. दोनदा तिने बाप्तिस्मा मागितला आणि दोन्ही वेळा साहेबांनी तो पुढे ढकलला. बाप्तिस्म्याआधी विचारायची धर्माची प्रश्नोत्तरं तिला पाठ होत नव्हती, आणि न समजता कुणाला पाण्यात उतरवायचं नाही, हा साहेबांचा नेम. याही खेपेला जमलं नाही तर तसंच परतावं लागेल, असं ते म्हणाले, पण बोलताना त्यांनाच जड जात होतं.

खर्ड्याच्या पुढे धुकं विरलं आणि बालाघाटाचे बुटके डोंगर निळसर तरंगू लागले. भूमला उतरलो तर खव्याच्या भट्ट्यांचा गोडसर धूर साऱ्या स्टँडवर पसरलेला. तिथे तपकिरी, रवाळ पेढे खाल्ले. वस्तीकडची गाडी मात्र गाव सोडताच बंद पडली. तासाभराने दूध सोसायटीच्या टेंपोवाल्याने आम्हाला घेतलं. साहेब पुढे बसले, मी मागे रिकाम्या कॅनांत. कॅन एकमेकांवर हलकेच वाजत होते. ते ऐकता ऐकता मला पेंग आली. जाग आली तेव्हा समोर पाणी होतं. करपलेल्या माळाच्या मधोमध इतकं निळं, इतकं निश्चल, की अजून झोपेतच आहे असं वाटलं.

हा दुष्काळी कामावर बांधलेला पाझर तलाव, टेंपोवाल्याने सांगितलं. गोदाबाईने इथेच पाट्या वाहिल्या होत्या.

तिचं घर तलावाच्या भिंतीखाली होतं. पन्नाशीची, काटक बाई. तिच्या भावाने जय भीम घालून आम्हाला घोंगडीवर बसवलं. तो तरुणपणीच बौद्ध झालेला. बहीण वेगळ्या वाटेने निघाली म्हणून त्याला राग नव्हता; मी माझं ठरवलं, तिने तिचं ठरवावं, एवढंच तो म्हणाला. गोदाबाईने माडगं (हुलग्याच्या पिठाचं पातळ, ऊन पेय) दिलं. मग ती साहेबांसमोर बसली. तिची सातेक वर्षांची मुलगी चंद्री तिच्या गुडघ्याला टेकली.

साहेबांनी प्रश्नोत्तरांची पुस्तिका उघडली. पहिल्या दोन प्रश्नांना ती अडखळली. डोळे पाण्याने भरले. साहेबांनी पुस्तिका बाजूला ठेवली.

"बाई, पाठ केलेलं राहू द्या," ते म्हणाले. "माणूस देवाचं लेकरू कसं होतं, ते तुमच्या शब्दांत सांगा."

तिने चंद्रीच्या डोक्यावर हात ठेवला.

"ही माझ्या पोटची न्हाय, साहेब. दुष्काळात कुणीतरी हिला खडीच्या ढिगापाशी ठिवून गेलं. वरसाची पण नसंल. म्या सुकडी (कामावर मिळे तो गोड, कोरडा खाऊ) खात व्हते. हिनं माझ्याकडं हात केलं, म्या उचलली. हिला माझं नाव ठावं नव्हतं, जात ठावी नव्हती. निस्तं हात केलं. त्या दिसापून ही माझी लेक. येशूकडं म्या तसंच हात केलंत. मला दुसरं काय बी येत न्हाय."

चष्मा काढून साहेबांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि उठले. "चला, पाण्याकडे," म्हणाले.

दुपारचं ऊन तलावावर पसरलं होतं. साहेब आणि गोदाबाई कमरेएवढ्या पाण्यात उतरली. भाऊ कोरडं लुगडं घेऊन काठावर उभा होता. ती पाण्याखाली गेली, वर आली, आणि चंद्री काठावरूनच टाळ्या वाजवायला लागली. वर्तुळं पसरत पसरत पलीकडच्या काठाला लागली, तरी आम्ही कुणी हललो नाही.

परतीच्या गाडीत साहेब शांत झोपले. मला झोप येईना. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. अनाथाश्रमातून एखादं आणू या, असं मालन, माझी बायको, तीन वर्षं म्हणत होती. आणि दुसऱ्याचं ते दुसऱ्याचंच राहतं, असं मी तिला प्रत्येक वेळी ऐकवत होतो. मी तिसऱ्या पिढीचा ख्रिस्ती. देवाचं लेकरू म्हणवून घेणं मला घराण्यातून मिळालं होतं, घराच्या वाटणीसारखं. आपल्यालाही कुणीतरी उचलून घेतलेलं आहे, हे कधी मनात आलं नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा मालन तांदूळ निवडत होती. चपला काढण्याआधीच मी तिला म्हटलं, "आश्रमात जाऊ या."

पुढच्या आठवड्यात गेलो. तिथल्या बाईंनी आम्हाला कोपऱ्यातल्या पाळण्यापाशी नेलं. आतली मुलगी गाढ झोपली होती. मी वाकलो आणि तिला उचललं.