पाटीवरचा मालक

अकोल्याच्या एका फराळवाल्या शेटजीने आपल्या नावाने कचोरीचं दुकान चालवायच्या पाट्या गावोगाव द्यायला सुरुवात केली, तेव्हा चिखलीची पाटी एका जिनवाल्याच्या मुलाला मिळाली. मी त्याच्याकडे कामाला होतो. आम्ही दोघंही मॅट्रिक नापास. फरक एवढाच, की त्याच्या बापाचं कापसाचं जिन होतं.

शेटजीची अट होती, की ज्याने पाटी घेतली त्याने दिवसभर स्वतः दुकानात उभं राहायचं. भाड्याचा माणूस चालणार नाही. मसाला अकोल्याहून बंद डब्यात येईल, कचोरी सगळीकडे एकाच मापाची होईल, आणि त्याआधी पाटीवाल्याने पंधरा दिवस अकोल्याच्या भटारखान्यात काम शिकायचं. करार बापाने परस्पर केला होता. मुलाला तिकडे कोणी पाहिलं नव्हतं.

मालकाला धुराने शिंका येत.

"तू जाय," तो मला म्हणाला. "तिथं माझं नाव सांगजो. कोन ओळखते?"

मी गेलो. नाही म्हणता आलं असतं, पण मी म्हटलं नाही. पंधरा दिवस मी दुसऱ्याच्या नावाला ओ देत होतो, आणि चौथ्या-पाचव्या दिवसापासून तर मला त्यात काही खटकेनासं झालं. शिकवायला एक म्हातारे महाराज होते. मैद्यात मोहन किती घालायचं, ते मुठीत पीठ वळून दाखवत. तेल कडक झालं की कढईजवळून ढकलून देत. "जिनवाल्याचा पोरगा अन् भांडे घासते," असं ते कौतुकाने सगळ्यांना सांगत. मी खाली मान घालून ऐकायचो.

दुकान चाललं. सकाळी कुलूप मी काढायचो, सारण मी भाजायचो, कचोऱ्या मी तळायचो. मालक अकराला टेरिलीनचा शर्ट घालून यायचा, गादीवर बसून सिनेमाचं साप्ताहिक चाळायचा आणि ओळखीचं कोणी आलं की मोठ्याने म्हणायचा, "माझ्या हातची खाऊन पाहा." लोक खायचे आणि त्याच्या हाताची तारीफ करायचे. त्या हाताला कधी पीठ लागलं नव्हतं, हे अर्ध्या चिखलीला माहीत होतं. तरी तारीफ करायचे. जिनात कापूस त्यांनाही घालायचा होता.

एका बाजाराच्या दिवशी महाराज न कळवता आले. सरळ कढईपाशी येऊन त्यांनी मला मालकाच्या नावाने हाक मारली.

मालक गादीवरून हसला. "महाराज, ते नाव माझं हाय. हा माझा नोकर."

आपण पकडले जातोय, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. ज्याचं सांडलेलं आयुष्यभर दुसऱ्याने पुसलंय, त्यालाच असा मूर्खपणा परवडतो.

"मंग पंधरा दिवस म्या कोणाले शिकवलं?" महाराजांनी विचारलं.

मी झालेल्या कचोऱ्या तेलातून काढू लागलो.

"कोणी तरी शिकलं ना," मालक म्हणाला. "काम होऊन राह्यलं ना?"

"पाटी तुमची हाय. एक घाणा काढून दाखवा."

गिऱ्हाईक बसलेलं होतं, त्यामुळे मालकाला उठावंच लागलं. त्याने आच वाढवली, कचोऱ्या एकदम सोडल्या आणि झाऱ्याने ढवळल्या. त्या तोंड उघडून फुटल्या, सारण तेलभर पसरून जळालं. तो शिंकत शिंकत मागे सरला आणि म्हणाला, "यानं पीठच बराबर मळलं नाही."

महाराजांनी परातीतलं पीठ दाबून पाहिलं. पीठ चांगलं होतं. जाताना ते मालकाकडे न बघता माझ्याकडे वळले.

"हात माझ्याजवळून घेतला अन् नाव याच्याजवळून. कसं जमलं बे तुले?"

मी जळकं सारण झाऱ्याने काढायला लागलो.

पाटी आता उतरते, असं मी धरून चाललो. मला ती उतरायला हवी होती. आठवडाभराने अकोल्याहून कागद आला. शेटजींना तळणाच्या तेलासाठी सरकी जिनवाल्याकडूनच जात होती. त्यांनी अटीत तीन शब्द वाढवले होते: पाटीवाल्याने 'किंवा त्याच्या माणसाने' दुकानात उभं राहावं. मालकाने तो कागद मलाच वाचायला लावला.

"पाहा," तो म्हणाला, "आता तुह्यं काम कायद्यात बसलं."

तरीही मी तिथे आठ महिने राहिलो. महाराजांना काय वाटलं असेल, याचा विचार करायचं मी टाळत होतो. मग धाड गावच्या बाजारात स्वतःची कढई मांडली, पाटीबिटी काही नाही. माझ्या जागी मालकाने मेहुण्याला उभं केलं. चार महिन्यांत ते दुकान बंद पडल्याचं एका जीपवाल्याने मला सांगितलं. मी कचोरी पलटत म्हटलं, "असं का?" आणि त्याला चहा पाजला. एवढ्या आवडीने मी कोणाला चहा पाजल्याचं मला आठवत नाही.